वाळवणाच्या डब्यातला वऱ्हाड

मागचे दोन भाग ताम्रपट आणि राजे झाले. आज एक पत्र्याचा डबा.

दिवाळीत गावी गेलो होतो. गाव वाशिम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात. आजीच्या खोलीत माळा आवरताना बिस्किटाचा जुना डबा सापडला. आत काळपट, वळलेले, चामड्यासारखे तुकडे. मी सरळ उकिरड्याकडे निघालो, तर आजी बाजेवरूनच ओरडली, "काहाले फेकतं बापू? वाळूक हाय थे!"

वाळकाच्या काचऱ्या. पुण्यात वाढलेल्यांसाठी सांगतो: वाळूक म्हणजे काकडीचा शेतातला भाऊ. चकत्या करायच्या, मीठ लावायचं, धाब्यावर किंवा बाजेवर कडक वाळवायच्या. तसंच वांग्याच्या फोडींचं, गवारीच्या शेंगांचं. हिवाळ्यात परसात आणि शेतात भाजी उदंड, चैत्र-वैशाखात आड तळाला गेलेला, आणि पाऊस पडला तरी नवीन भाजी हातात यायला दीड-दोन महिने. ही फट वाळवणाने भरायची.

मी इंजिनिअर माणूस, मला आधी प्रयोग करावासा वाटला. जुलैमध्ये पुण्याच्या गॅलरीत किलोभर वांगी कापून ठेवली. चौथ्या दिवशी त्यांना पांढरी लव आली. आजीला फोनवर सांगितलं तर ती इतकी हसली की फोन काकूने घेतला. गणित सोपं आहे. बुरशीला आणि जीवाणूंना वाढायला पाणी लागतं. एप्रिल-मे महिन्यात वऱ्हाडात पारा चाळीसच्या वर असतो, हवा कोरडी ठाक. दोन-तीन दिवसांत फोडीतलं पाणी इतकं उतरतं की बुरशीला काही उरत नाही. मीठ उरलेलं पाणी अडवून धरतं. गवार आधी उकळत्या पाण्यातून काढतात, कारण तिच्यातले एन्झाइम मारले नाहीत तर वाळल्यावरही रंग आणि चव बिघडत राहते. सी जीवनसत्त्व यात बरंचसं जातं, पण चोथा आणि खनिजं राहतात.

आता इतिहास. भाजी टिकवण्याचा इतिहास नेटवर शोधा, पहिलं नाव निकोला अपेर या फ्रेंच माणसाचं येतं. बाटलीत अन्न भरून, बूच लावून उकळण्याची त्याची पद्धत. 1810 मध्ये फ्रेंच सरकारने त्याला 12,000 फ्रँकचं बक्षीस दिलं. नाव, साल, रक्कम, सगळं नोंदलेलं, कारण नेपोलियनच्या फौजांना अन्न हवं होतं. वऱ्हाडात गवार आधी उकळून घ्यायची हे कोणत्या बाईला सुचलं? पत्ता नाही.

पत्ता का नाही, याचं उत्तर मला कापसात सापडलं. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. 1867 पर्यंत रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. पुढे मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला नॅरोगेज गेली, आपली शकुंतला, तीही कापसासाठीच. 1870 मध्ये आल्फ्रेड लायलने संपादित केलेलं वऱ्हाडाचं गॅझेटियर आलं. जमीन, सारा, कापूस, बाजार, सगळं तपशीलवार. सरकार जे मोजतं ते सरकारला दिसतं. घरामागच्या परसातून तिजोरीत काही जात नव्हतं, मग मोजणार कोण? (वाशिम स्वतःही एकदा कागदावरून पुसलं गेलंय. तेव्हा नाव बासिम, जिल्ह्याचं ठिकाण. 1905 मध्ये जिल्हा मोडून अकोल्यात घातला, तो परत मिळाला 1998 मध्ये.)

कापसाने ज्वारीच्या वावरांवर हात मारला. लक्ष्मण सत्या या इतिहासकाराचं 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' हे 1997 चं पुस्तक याच विषयावर आहे: नगदी पिकाने समृद्ध दिसणारा हा मुलूख दुष्काळापुढे उघडा कसा पडला. 1896-97 आणि मग 1899-1900, असे दोन मोठे दुष्काळ लागोपाठ.

इथे मला एक सोपी गोष्ट सांगायचा मोह होतो, की तेव्हा परसबागेने लोकांना वाचवलं. पण ते खरं वाटत नाही. पाऊसच पडला नाही तर आड आटतो, आणि मोरीच्या सांडपाण्यावर जगणारा दोडक्याचा वेलही जातो. डब्यातलं वाळवण महिना-दोन महिने तोंडी लावायला पुरतं, ते धान्याची जागा घेत नाही. आणि परस होता कुणाला? गावाच्या कडेला ठेवलेल्या मजुरांना ना मागे मोकळी जागा, ना आडावर हक्क. त्यांच्यासाठी तरोटा, घोळ, चिवळ अशा फुकटच्या रानभाज्या. 'आपल्या पूर्वजांचं शहाणपण' असे जे व्हिडिओ फिरतात, त्यात हा भाग कापलेला असतो, म्हणून मुद्दाम सांगतोय.

मग वाळवणाने केलं काय? साध्या वर्षातली फट भरली, आणि वाण जपले. डबा नीट बघा. वांगं, गवार, वाळूक: पिढ्यान् पिढ्या इथे रुळलेली पिकं. मिरची अमेरिकेतली, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली, पण ताकात भिजवून वाळवलेली सांडगी मिरची आज परकी कोण म्हणेल? उलट फ्लॉवर 1822 मध्ये सहारनपूरच्या कंपनी बागेत आला आणि टमाटरही उशिराचाच. आजीच्या डब्यात दोघांनाही जागा नाही. आधी येणाऱ्याला बर्थ, असा हा डबा.

वाळूक मात्र आता डब्यातूनही उतरलंय, आणि त्याचं कारण दुष्काळ नाही. वाळूक परसात कमी, वावरात जास्त व्हायचं. ज्वारी-कापसाच्या तासांमध्ये बाया चार दाणे वाळकाचे, चार अंबाडीचे, चार चवळीचे टाकायच्या. मालकाच्या हिशेबात ते नसायचं, घरच्या कोरड्यासात असायचं. मग सोयाबीन आलं. आज आपला जिल्हा सोयाबीनचाच. दाट पीक, तासात जागा नाही, वर तणनाशक. तणनाशकाला वाळकाचा वेल आणि तण यांतला फरक कळत नाही. भाव पाहून शेतकऱ्याने सोयाबीन घेतलं यात त्याची चूक मी काढणार नाही, माझ्या फीचे पैसे त्यातूनच आलेत. पण त्या तासांमधली बाईची बाग कुणालाही न विचारता गेली.

वाशिम 2018 पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांत आहे, आणि पोषणासाठी परसबागा लावायला बचत गटांना सांगितलं जातं. चांगलंच आहे. फक्त बियाण्याचं पाकीट दुकानातून येतं, आणि संकरित वाणाचं बी पुढच्या वर्षी धरून ठेवलं तर तसंच पीक देत नाही. नगर जिल्ह्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना 2020 ची पद्मश्री मिळाली ती गावठी बियाणं जपण्यासाठी, ती का, हे मला या डब्यापाशी कळलं.

मी हुशारी करून काचऱ्यांमधल्या बिया सुईने काढायला लागलो. आजी म्हणाली, "थ्या नाई उगवत. काचऱ्या कवळ्या वाळकाच्या. बियाचं वाळूक येगळं सोडा लागते, पिकू द्या लागते." तिने ते शेवटचं कधी सोडलं होतं, तिला आठवेना.

मग दोन दिवस मोटरसायकलवर फिरलो. तिसऱ्या गावात एका आजीबाईंच्या उतरंडीत, राखेत घोळलेल्या बिया निघाल्या. मूठभरही नाहीत, मी मोजल्या: 31. त्यांनी 20 दिल्या, 11 स्वतःला ठेवल्या. मृग लागला की 10 परसात टाकायच्या ठरल्यात, मोरीच्या पाण्याजवळ. उरलेल्या 10 आजीने डब्यात परत राखेत ठेवल्यात, आणि डबा माळ्यावरून काढून स्वतःच्या बाजेखाली.