भिंतीबाहेर गेलेली ऊब

मागच्या वेळी मालकीच्या कल्पनेपाशी थांबलो होतो. आज त्यातलाच एक अडनिडा खटला घेऊ.

बंद खोलीत गांजा वाढवायचा म्हणजे, मंडळी, हवेशी झगडा. प्रखर दिव्यांची उष्णता, झाडांचा दमटपणा. तो काढला नाही तर बुरशी धरते. म्हणून पंख्यानं हवा बाहेर टाकायची, वाटेत वासासाठी कोळशाची गाळणी. वास अडतो हो, पण ऊब?

जानेवारी १९९२, अमेरिकेतलं ऑरेगन. पहाटे तीनच्या सुमारास पोलिसांनी रस्त्यापलीकडून, गाडीत बसूनच, एका घराकडे उष्णता टिपणारं यंत्र धरलं. गॅरेजचं छप्पर आणि एक भिंत गरम दिसली. खबर आणि वीजबिलं त्याला जोडून वॉरंट मिळवलं. आत शंभरावर झाडं निघाली.

हा 'कायलो' खटला. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं, की सर्रास वापरात नसलेल्या यंत्रानं घराच्या आतलं जाणून घेणं हीच झडती, तिला वॉरंट हवं. न्यायमूर्ती स्टीव्हन्स विरोधात होते: बाहेर पडलेली ऊब स्वयंपाकघरातल्या वासासारखी, ती सगळ्यांचीच. मला हा युक्तिवाद सहजी खोडता येत नाही. शेजारी बोंबील भाजले तर मला कळतंच की!

मग २०१३ मध्ये फ्लोरिडातला खटला आला, दाराशी हुंगणाऱ्या पोलिसी कुत्र्याचा. पुन्हा ५-४, पुन्हा घरमालकाच्या बाजूनं. पण गंमत बघा, बहुमतानं आधार घेतला तो कुत्र्याच्या नाकाचा नव्हे, पोलिसांच्या पायांचा: त्या कामासाठी ओसरीवर यायची त्यांना मुभाच नव्हती.