फाइल-स्थानांतरण (व्यक्तिगत संगणक व जाल-सर्व्हर यांमधील)

फाइल-स्थानांतरण : एका संगणकात साठविलेली फाइल संदेशवहन-मार्गाने दुसऱ्या संगणकात तिच्या मूळ स्वरूपात नेण्याची क्रिया. व्यक्तिगत संगणकावर तयार केलेली फाइल जाल-सर्व्हरवर (म्हणजे मागणी येताच फाइल पुरविणाऱ्या, सतत कार्यरत असलेल्या संगणकावर) चढविणे आणि सर्व्हरवरील फाइल आपल्या संगणकात उतरवून घेणे, अशा तिच्या दोन दिशा आहेत. संकेतस्थळावरील प्रत्येक पृष्ठ, शेतकऱ्याने काढलेला सातबारा उतारा किंवा विद्यार्थ्याने प्रवेशअर्जाला जोडलेले प्रमाणपत्र, या सर्वांमागे हीच क्रिया असते. ती अपुरी राहिली, तर पोचलेली फाइल निरुपयोगी ठरते. ती नकळत बदलली, तर त्याहून मोठी हानी संभवते.

इतिहास : अमेरिकेतील आर्पानेट या जालात वेगवेगळ्या बनावटींचे संगणक जोडले जाऊ लागले, तेव्हा प्रत्येक संगणकाची फाइल ठेवण्याची रीत निराळी असल्याचे आढळले. या भिन्न यंत्रांना समान ठरतील असे नियम प्रथम अभय भूषण यांनी मांडले. कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतून पदवी घेऊन ते मॅसॅचूसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत गेले होते. तेथे १६ एप्रिल १९७१ रोजी त्यांनी प्रसृत केलेला मसुदा हा फाइल-स्थानांतरण संहितेचा (एफटीपीचा) आरंभ होय. टीसीपी या संदेशवहन-संहितेशी जुळणारे तिचे रूप १९८० मध्ये तयार झाले व ऑक्टोबर १९८५ मध्ये जॉन पोस्टेल व जॉइस रेनल्ड्स यांनी तिला दीर्घकाळ टिकलेले रूप दिले. जागतिक जाल (वर्ल्ड वाइड वेब) १९९१ मध्ये सर्वांना खुले झाले, त्यावेळी एफटीपी वीस वर्षांची होती. त्यामुळे संकेतस्थळांची पृष्ठे सर्व्हरवर नेण्यासाठी तिचाच अवलंब होणे स्वाभाविक होते.

कार्य : एफटीपीत दोन स्वतंत्र जोडण्या असतात. पहिलीवरून वापरणाऱ्याचे नाव, परवलीचा शब्द व आज्ञा जातात, तर दुसरीवरून प्रत्यक्ष फाइल जाते. सर्व्हर प्रत्येक आज्ञेला तीन अंकी संकेताने उत्तर देतो. उदा., २२६ म्हणजे स्थानांतरण पूर्ण झाले, ५३० म्हणजे प्रवेश नाकारला. मूळ पद्धतीत दुसरी जोडणी सर्व्हरकडून सुरू होत असे. पुढे संरक्षक भिंतींचा (फायरवॉलचा) प्रसार झाल्यावर बाहेरून येणाऱ्या अशा जोडण्या अडविल्या जाऊ लागल्या व दोन्ही जोडण्या वापरणाऱ्याच्याच संगणकाने सुरू करावयाची ‘पॅसिव्ह’ पद्धती रूढ झाली.

फाइल पाठविण्याच्या दोन रीती आहेत. अक्षर-रीतीत ओळीच्या शेवटाची खूण ग्राहक यंत्राच्या प्रथेप्रमाणे बदलली जाते. द्विमान-रीतीत एकही बिट बदलला जात नाही. छायाचित्र अक्षर-रीतीने पाठविल्यास त्यातील काही अंक ओळीच्या खुणा समजले जाऊन बदलतात व चित्र उघडत नाही. युनिक्स पद्धतीच्या सर्व्हरवर लहान व मोठी रोमन अक्षरे भिन्न मानली जातात, म्हणून स्वतःच्या संगणकावर नीट दिसणारे पृष्ठ सर्व्हरवर नेताच त्यातील चित्रे नाहीशी होण्याचा अनुभव नवशिक्यांना हमखास येई.

देवनागरीचा प्रश्न : मराठी मजकुराच्या स्थानांतरणात आणखी एक अडचण होती. एफटीपीच्या अक्षर-रीतीत सात बिटांची रोमन अक्षरे गृहीत धरलेली होती. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये मानक म्हणून स्वीकारलेल्या इस्की संकेतावलीत मात्र देवनागरी अक्षरांना आठवा बिट आवश्यक असतो. वाटेत तो गळाल्यास मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे उरतात. याशिवाय अनेक टंकांचे (फॉन्टचे) संकेत परस्परांहून निराळे असल्याने फाइल अचूक पोचूनही तोच टंक नसलेल्या संगणकावर ती वाचता येत नसे. युनिकोडचा स्वीकार वाढल्यावर हा दोष दूर झाला. इस्कीमध्ये ‘लातूर’ हा शब्द ५ बाइटांत मावतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपात प्रत्येक चिन्हास ३ याप्रमाणे त्याला १५ बाइट लागतात. जागा अधिक लागली, तरी शब्द सर्वत्र एकच राहिला.

भारतातील व मराठवाड्यातील प्रसार : राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या निकनेट या उपग्रहाधारित जालाने १९८० नंतरच्या दशकात जिल्हा मुख्यालये दिल्लीशी जोडण्यास आरंभ केला. सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. परंतु तिची केंद्रे प्रथम मोठ्या शहरांतच होती. मंद गती ही तेव्हाची मुख्य मर्यादा होय. सेकंदास ९,६०० बिट नेणाऱ्या मोडेमने दहा लाख बाइटांची फाइल जाण्यास सुमारे १४ मिनिटे लागत, ५६,००० बिटांच्या मोडेमने अडीच मिनिटांच्या आत. दूरध्वनीची जोडणी मध्येच तुटल्यास बहुधा प्रारंभापासून सुरुवात करावी लागे. यामुळे फाइल आकुंचित करणे (झिप करणे), तसेच ती फ्लॉपीवर घालून माणसाच्या हाती धाडणे, हे दोन्ही उपाय प्रचलित होते.

नोंद एकाच ठिकाणी असणे किती धोक्याचे असते, याची जाणीव लातूर जिल्ह्याला ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने करून दिली. लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतील अनेक गावे नव्या जागी वसवावी लागली आणि घर कोणाचे, जागा किती हे ठरविण्याचे मोठे काम प्रशासनापुढे उभे राहिले. दप्तराची प्रत अन्यत्र असणे ही अशा प्रसंगी केवळ सोय नसते. निराधार झालेल्या कुटुंबाचा हक्क तीवर अवलंबून असतो.

भूमी-अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली. महाराष्ट्रातून तीत वर्धा जिल्ह्याची निवड झाली होती. पुढे ही योजना राज्यभर पसरली व तालुक्याच्या संगणकात असलेली माहिती मध्यवर्ती सर्व्हरवर नेण्यात आली. हस्तलिखित सातबारा व संगणकातील सातबारा यांत तफावत राहू नये म्हणून २०१७ मध्ये गावोगावी चावडी-वाचन करण्यात आले. १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचे (डिजिटल स्वाक्षरीचे) सातबारा उतारे संकेतस्थळावरून देण्यास प्रारंभ झाला. या स्वाक्षरीचे महत्त्व स्थानांतरणाच्या दृष्टीनेही आहे : सर्व्हरवरून उतरविलेल्या फाइलीत नंतर एका अंकाचाही बदल झाला, तर स्वाक्षरी पडताळणीत टिकत नाही. अशा स्वाक्षरीला २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने कायदेशीर मान्यता दिली आहे.

नागरिकाकडून सर्व्हरकडे होणारे स्थानांतरणही या काळात वाढले. जाल-पृष्ठावरील अर्जातूनच फाइल चढविण्याची पद्धती नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली होती. तिच्यामुळे सामान्य माणसाला एफटीपीच्या आज्ञा शिकण्याची गरज उरली नाही. २०१७ च्या कर्जमाफी योजनेचे अर्ज शेतकऱ्यांकडून याच मार्गाने घेण्यात आले. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी बांधावरून पिकाचे छायाचित्र मोबाइलद्वारे पाठवू लागला. सोयाबीन व तूर पिकविणाऱ्या लातूर-नांदेड भागात पिकाची नोंद अनुदानाशी व विम्याशी निगडित असल्याने, मुदतीच्या अखेरच्या दिवसांत संपर्क खंडित होणे ही निव्वळ तांत्रिक बाब राहत नाही.

जुन्या दप्तरांचे स्थानांतरण हा याचा अगदी अलीकडचा टप्पा होय. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने येथील पुष्कळ कागदपत्रे उर्दू व मोडीत आहेत. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्यानंतर अशा कागदांच्या प्रतिमा घेऊन त्या जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवण्याचे काम हाती घेण्यात आले. जी पाने पाहण्यासाठी पूर्वी अभिलेखकक्षात जावे लागे, ती गावात बसून पाहता येऊ लागली.

सुरक्षितता व सद्यःस्थिती : मूळ एफटीपीत परवलीचा शब्द उघड स्वरूपात जातो, मार्गावर पाळत ठेवणाऱ्याला तो सहज वाचता येतो. यावर उपाय म्हणून १९९५ मध्ये फिनलंडमधील टाटू इलोनेन यांनी निर्माण केलेल्या एसएसएच या सांकेतिक संहितेवर आधारित एसएफटीपी प्रचारात आली. बदललेलाच भाग पाठविणारी आरसिंक ही प्रणाली १९९६ ची आहे. प्रमुख जाल-न्याहाळकांनी (ब्राउझरांनी) २०२१ मध्ये एफटीपीचा आधार काढून टाकला, तरी स्वतंत्र प्रणालींद्वारा ती वापरता येते. स्थानांतरणानंतर दोन्ही बाजूंच्या फाइलींचे पडताळा-अंक जुळवून पाहणे, सर्व्हरशिवाय अन्यत्र एक प्रत राखणे आणि प्रतिमा चढविली म्हणून मूळ कागद नष्ट न करणे, ही पथ्ये कोणत्याही संहितेत पाळावी लागतात. जमिनीच्या वादात अखेर जुळवून पाहावा लागतो, तो मूळ कागदच.