आगाशिवची लेणी आणि ‘करहकट’ नगर

कऱ्हाडच्या नैर्ऋत्येस जखीणवाडीजवळ आगाशिवाच्या डोंगरात साठांहून अधिक बौद्ध लेणी आहेत. कार्ले किंवा अजिंठा पाहून आलेल्या अभ्यासकाची येथे बहुधा निराशा होते. ना शिल्पपट, ना मूर्ती. एका चैत्यगृहाच्या दर्शनी भागी चक्र आणि सिंह कोरलेले आहेत, तेवढेच काय ते अलंकरण. यावरून या लेण्यांचे आश्रयदाते निर्धन होते, हे स्थळ आडबाजूचे होते, असा समज रूढ झाला आहे. प्रस्तुत लेखकास तो मान्य नाही.

प्रथम दगडाचा विचार करू. येथील बेसॉल्ट भरड व सच्छिद्र आहे. त्यात सूक्ष्म कोरीव काम टिकणे कठीण. दुसरे असे की, ही लेणी मुख्यतः ज्या काळातील आहेत त्या काळी बुद्धाची मानवी मूर्ती घडविण्याची प्रथा पश्चिम भारतात रुजलेली नव्हती. चक्र, सिंह व स्तूप यांनीच ते काम भागत असे. तिसरी गोष्ट लाकडाची. लेणे ही मुळात लाकडी मंडपाची पाषाणातील प्रतिकृती होय. भाजे येथील स्तंभ आत कललेले आहेत. पाषाणात त्याची काहीच गरज नव्हती, ती सवय सुताराची. भाजे व कार्ले येथील छतांना सागवानी कमानी बसविलेल्या आहेत, आणि कार्ल्याच्या स्तूपावरील छत्र लाकडाचेच आहे. भाज्याच्या कमानींवर तर ब्राह्मी लेख आढळले; म. न. देशपांडे यांनी ते १९५९ मध्ये प्रसिद्ध केले. जपानात होर्यूजी येथे सातव्या शतकातील काष्ठमंडप आणि काष्ठमूर्ती आजही उभ्या आहेत. आपल्याकडील पावसाने व वाळवीने तसे काही शिल्लक ठेवले नाही. तेव्हा जे उरले त्या दगडावरूनच एखाद्या गावाची संपन्नता मोजणे न्याय्य नव्हे.

ती मोजण्याचे दुसरे साधन म्हणजे दानलेख. आगाशिवच्या लेखात गोपालाचा पुत्र संघमित्र याने लेणे दिल्याची नोंद आहे. पण कऱ्हाडकरांची दाने गावापुरती नव्हती. कोकणातील कुडे येथे ‘करहकडा’च्या महिक नावाच्या लोहवाण्याने, म्हणजे लोखंडाच्या व्यापाऱ्याने, लेणे दिले. त्याहून जुना पुरावा मध्य प्रदेशातील भारहुत स्तूपाचा. कऱ्हाडपासून तो सुमारे हजार किलोमीटर दूर. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील तेथील कठड्यावर ‘करहकट’ निगमाचे, म्हणजे अवघ्या व्यापारी नगराचे, दान कोरलेले आहे.

हे करहकट म्हणजे आपले कऱ्हाडच काय? येथे भाषाशास्त्राची साक्ष उपयोगी पडते. भारहुतचा ‘ट’ कुड्याच्या लेखात ‘ड’ झाला आहे. स्वरांमधील कठोर व्यंजन मृदू होण्याचा हा प्राकृतातील परिचित नियम. पुढे मधला ‘क’ लोपला व दोन स्वर एकत्र आले: करहकड, करहअड, करहाड, कऱ्हाड. महाभारताच्या सभापर्वातील ‘करहाटक’ या रूपात मात्र ‘ट’ आधी व ‘क’ नंतर आहे. राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या इ. स. ९५९च्या ताम्रपटामुळे हेच रूप इतिहासग्रंथांत प्रतिष्ठित झाले. कऱ्हाड हे ‘करहाटक’ वरूनही साधता येईल, हे खरे. परंतु जुन्या लेखांत व्यापाऱ्यांनी स्वतः आपल्या गावाचे जे नाव लिहविले ते ‘करहाटक’ नव्हे. म्हणून ‘करहाटक’ हे पंडितांनी बोलीतील नावाला चढविलेले संस्कृत वस्त्र असावे, असे मला वाटते.

जाता जाता जखीणवाडीविषयी. यक्षिणी, जक्खिणी, जखीण अशी ही परंपरा उघड आहे. भारहुतच्या कठड्यावर जिचे नाव ‘यखि’ असे कोरले आहे ती पूज्य देवता. मराठीत येईतो तिचे भूत झाले. या नावावरून तेथे एखाद्या यक्षिणीची काष्ठमूर्ती होती असा तर्क करणे मात्र धाडसाचे होईल. स्वतः ‘लेणे’ हा शब्द तसा नाही. संघमित्राच्या लेखातील ‘लेण’ आणि आज जखीणवाडीचा गुराखी बोट दाखवून उच्चारतो तो शब्द, यांत एका अंत्य स्वराचेच अंतर आहे.