एक घर बाहेर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दर रविवारी दुपारी माझी भाची पेणकरपाड्याच्या आमच्या घरी येते आणि वर्तमानपत्रातलं सुदोकू माझ्यापुढे टाकते. मी बीए, तेही मराठी घेऊन. आकड्यांशी माझं कधी जमलं नाही. पण वृत्तात अक्षरं मोजून बसवायची सवय असलेल्याला आकडे बसवायलाही मजा येते. मागच्या महिन्यात तिनं आणलेलं कोडं जरा वेगळं होतं. उभ्या-आडव्या ओळींत आणि छोट्या चौकटींत १ ते ९ आकडे भरायचेच. शिवाय घराघरांतून एक रेघ काढायची. रेघेनं शेजारच्या घरात उभं किंवा आडवं जायचं, एकाच घरात दोनदा शिरायचं नाही आणि शेवटी निघालो तिथंच परत यायचं.

कोडं सुटलं, पण भाचीचं समाधान होईना. ‘‘मामू, सगळ्या एक्क्याऐंशी घरांतून अशी फेरी काढता येईल?’’ चहा गार झाला, तीन कागद वाया गेले. दर वेळी एक तरी घर बाहेर राही.

उत्तर सापडलं ते बुद्धिबळाच्या पटावर. सुदोकूची घरं पटासारखी काळी-पांढरी रंगवून पाहा. शेजारचं घर नेहमी दुसऱ्या रंगाचं येतं. काळ्यातून पांढऱ्यात, पांढऱ्यातून काळ्यात असं करत मूळ घरी परतायचं, तर दोन्ही रंगांची घरं सारखी हवीत. एक्क्याऐंशीत एका रंगाची ४१ आणि दुसऱ्या रंगाची ४०. म्हणजे एक घर बाहेर राहणारच!

बुद्धिबळाच्या पटावर ही अडचण नाही. तिथं बत्तीस काळी, बत्तीस पांढरी. आणि फेरीचं कोडंही तिथं फार जुनं आहे. अडीच घरं चालणाऱ्या घोड्यानं चौसष्ट घरांना एकेकदाच पाय लावायचा आणि शेवटच्या उडीत पहिल्या घरी यायचं. नवव्या शतकात बगदादला अल्-अदली नावाचा शतरंजचा नामी खेळाडू होऊन गेला. अशी एक फेरी त्याच्या नावावर सांगितली जाते. त्याच शतकात काश्मीरच्या रुद्रटानं ‘काव्यालंकार’ ग्रंथात अर्ध्या पटावरची घोड्याची चाल श्लोकात बांधली. आठ-आठ अक्षरांचे चार चरण एकाखाली एक मांडायचे. सरळ वाचा किंवा घोड्याच्या उड्यांनी वाचा, श्लोक तोच! एक अक्षर बदलताना आम्हा कवींची दमछाक होते, म्हणून या करामतीला मी मनापासून सलाम करतो. रुद्रटाचा घोडा मात्र घरी परतत नाही.

परतणारा घोडा आपल्याकडे दाखवला तो मूळच्या पैठणच्या घराण्यानं. सोळाव्या शतकात हे भट्ट घराणं काशीला जाऊन स्थिरावलं. १६७४ साली रायगडावर शिवरायांच्या राज्याभिषेकाचा विधी करणारे गागाभट्ट याच घराण्यातले. त्यांच्या वडिलांचे चुलतभाऊ नीळकंठ भट्ट. त्यांनी ‘भगवंतभास्कर’ नावाचा बारा मयूखांचा, म्हणजे बारा किरणांचा ग्रंथ रचला. त्यातल्या राजनीतीवरच्या ‘नीतिमयूखा’त बुद्धिबळाचं वर्णन आहे आणि घोड्याची बंद फेरी आहे. फेरीही अशी, की पट अर्धा फिरवला तरी आकृती तीच राहते. एका घराला १ म्हटलं, तर त्याच्या बरोबर समोरच्या घरात ३३ येतो.

युरोपातला थोर गणिती ऑयलर या कोड्याकडे वळला तो १७५९ साली. याच ऑयलरनं पुढं ओळीत आणि रांगेत चिन्ह पुन्हा येऊ न देणाऱ्या चौरसांचा अभ्यास केला. सुदोकूचं मूळ त्या चौरसांत आहे. त्यांच्याविषयीचा त्याचा एक अंदाज १९५९ साली चुकीचा ठरला. तो खोटा ठरवणाऱ्या तिघांत शरदचंद्र श्रीखंडे हे मराठी गणिती होते. सुदोकूचं कोडं १९७९ साली अमेरिकेत छापलं गेलं, त्याला सुदोकू हे नाव १९८४ नंतर जपानमध्ये मिळालं आणि २००५ च्या सुमारास ते आपल्या चहाच्या कपाशेजारी आलं. भाचीच्या त्या एका कागदावर ऑयलरचे दोन्ही छंद एकत्र आले होते.

नीळकंठ भट्टांना महाराष्ट्र विसरला, असं मात्र नाही. त्यांचा ‘व्यवहारमयूख’ इंग्रजी अमदानीत गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात हिंदू वारशाच्या खटल्यांत ‘मिताक्षरे’पेक्षा वरचढ मानत. उत्तर कोकण म्हणजे आमचा ठाणे जिल्हाही आला. वारसांच्या रांगेत बहिणीला त्यानं बरीच वरची जागा दिली होती. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी १९२६ साली त्याची आवृत्ती सिद्ध केली. १९५६ च्या वारसा कायद्यापर्यंत त्याचा आधार घेतला जाई. घरांची वाटणी सांगणारे नीळकंठ आपण जपले. सगळ्या घरांतून घोडा फिरवणारे नीळकंठ मात्र नजरेआड झाले.

भाचीनं विचारलं, ‘‘मग हे कोडं नक्की कुणाचं, मामू?’’ मी म्हटलं, ‘‘ज्यानं-ज्यानं सोडवलं त्याचं.’’ बगदादचा खेळाडू, काश्मीरचा कवी, पैठणच्या घराण्यातले शास्त्री. घोड्यानं यांतल्या कुणाच्या दारात नाव-गाव विचारलं नाही.

माणसं विचारतात. पेणकरपाड्यात येण्याआधी भाड्याचं घर शोधत आम्ही वणवण फिरलो. फोनवर माझं मराठी ऐकून मालक खूश व्हायचे. नाव सांगितलं, की ते घर ‘आत्ताच गेलेलं’ असायचं. त्या दिवसांत बायको बोचकी सोडतच नसे. हे मी भाचीला सांगितलं नव्हतं, त्या दुपारी सांगितलं.

ती काही बोलली नाही. तिनं नवा कागद घेतला, ऐंशी घरांतून रेघ फिरवली, बरोबर मधलं घर तेवढं सोडलं आणि निघाली तिथं आणून मिळवली. मग म्हणाली, ‘‘मामू, एक घर बाहेर राहणार हे गणितानं ठरवलं. पण कुठलं ठेवायचं, ते मी ठरवलं.’’

कागद माझ्या टेबलावर आहे. मधलं घर अजून रिकामं आहे.