दारियोची पेटी

रुबेन दारियो ६ फेब्रुवारी १९१६ रोजी निकाराग्वातल्या लेओन शहरात वारला, तेव्हा डॉक्टरांनी त्याचा मेंदू काढून घेतला. प्रतिभेचे मूळ मेंदूच्या वजनात आणि घडणीत सापडेल, असा त्या काळी अनेकांचा समज होता. डॉ. लुईस देबाइले आणि कवीचा मेव्हणा अंद्रेस मुरिल्यो यांच्यात त्या मेंदूवरून भांडण जुंपले. प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. चरित्रकार हा प्रसंग चवीने सांगतात. पण दारियोचा खरा ऐवज तेव्हा समुद्रापलीकडे, स्पेनमध्ये, फ्रान्सिस्का सांचेस नावाच्या बाईच्या पेटीत होता.

दारियोचा जन्म १८६७ सालचा, निकाराग्वातल्या मेतापा या आडगावातला. विशीतच तो चिलीला गेला आणि १८८८ मध्ये वालपाराइसो बंदरात त्याचे ‘असूल’ (म्हणजे ‘निळे’) हे पुस्तक निघाले. माद्रिदच्या हुआन वालेराने त्याची जाहीर वाखाणणी केली. आपल्याकडे ‘आधुनिक कविता’ म्हटले की मर्ढेकर आठवतात. दारियोचा ‘मोदेर्निस्मो’ त्याहून अगदी निराळा. त्यात राजहंस आहेत, व्हर्सायची उद्याने आहेत, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे नाद आहे. फ्रेंच कवितेवर कान तयार करून त्याने बारा-चौदा अक्षरी ओळींची ताठर चाल मोकळी केली, मागे पडलेली नऊ अक्षरी ओळ पुन्हा चालती केली. तीन शतके साहित्याची रीत स्पेनहून अमेरिकेत उतरत आली होती. आता जहाज उलट्या दिशेने निघाले. मला त्याच्या राजहंसांपेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

१८९८ च्या युद्धात अमेरिकेकडून हरलेल्या स्पेनची अवस्था कळवण्यासाठी ब्युनोस आयर्सच्या ‘ला नासिओन’ दैनिकाने त्याला तिकडे धाडले. (त्याची चूल बहुतेक याच पत्रकारीवर पेटे.) माद्रिदमधल्या कासा दे काम्पो या राजउद्यानात १८९९ साली त्याला माळ्याची मुलगी भेटली. ती फ्रान्सिस्का. मूळची आविला प्रांतातल्या नावालसाउस खेड्यातली, निरक्षर. तिला अक्षरे शिकवली दारियोने आणि पॅरिसमध्ये त्यांच्याकडे राहिलेल्या मेक्सिकन कवी आमादो नेर्वोने. कायद्याने बायको होती रोसारियो मुरिल्यो. घटस्फोट कधी मिळाला नाही. फ्रान्सिस्काने त्याची मुले जन्माला घातली, त्यातली बहुतेक पुरलीही. १९१४ मध्ये तो बार्सिलोनाहून अमेरिकेला निघाला, तेव्हा ती धाकट्या मुलाला घेऊन मागे राहिली. पुन्हा भेट नाही.

कागद मात्र राहिले. खर्डे, हिशेब, उनामुनो आणि हुआन रामोन हिमेनेस यांच्यासारख्यांची पत्रे. तिने पुढे लग्न केले, स्पेनमध्ये यादवी युद्ध होऊन गेले, तरी चाळीस वर्षे तिने ते सांभाळले. मराठीत किती लेखकांची दप्तरे घर बदलताना रद्दीत गेली, हे जुनी कागदपत्रे धुंडाळणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. अखेर आंतोनियो ओलिवेर आणि त्याची पत्नी, कवयित्री कार्मेन कोंदे, तिच्यापर्यंत पोहोचले, आणि १९५६ मध्ये तिने तो ठेवा स्पॅनिश सरकारला दिला. आज तो माद्रिदच्या विद्यापीठात आहे. दारियोवर लिहिणाऱ्याला त्या दारातूनच आत जावे लागते.

तरीही चरित्रांत फ्रान्सिस्का येते ती ‘कवीची सोबतीण’ म्हणून, दोन-चार ओळींत. कार्मेन कोंदेने तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. ते निघाले १९६४ साली. फ्रान्सिस्का आदल्याच वर्षी गेली होती.