दिव्याचा पैसा कुठून येतो? डेट्रॉइट शहराची हकीकत

इतिहास म्हटलं की आपल्याला राजे, लढाया, गडकिल्ले आठवतात. पण रस्त्यावरच्या दिव्यालाही इतिहास असतो, आणि तो बहुतेक वेळा पैशाचा असतो. खांब कोणी उभा केला, बिल कोण भरतं, दिवा गेला तर दुरुस्तीचा खर्च कोण उचलतं, हे प्रश्न गावालाही असतात आणि शहरालाही. आज आम्ही अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराची हकीकत सांगणार आहोत.

डेट्रॉइट हे मोटारींचं शहर म्हणून जगाला माहीत. पण मोटारी यायच्या आधीच, 1880 च्या दशकात, तिथे विजेचे दिवे आले होते. आजच्यासारखे खांब तेव्हा नव्हते. दीडशे फुटांपेक्षा उंच लोखंडी मनोरे उभे केले होते आणि त्यांच्या टोकावर प्रखर दिवे. एका मनोऱ्याचा उजेड कितीतरी गल्ल्यांवर पडायचा. हे काम खाजगी कंपनीकडे होतं.

1890 मध्ये हेझन पिंग्री महापौर झाले. मूळचे बुटांचे कारखानदार, त्यामुळे हिशोबाला पक्के. कंपनी दिव्यांसाठी फार पैसे घेते, शहराने स्वतःच वीज तयार करावी, असं त्यांनी लोकांपुढे मांडलं. 1893 मध्ये लोकांनी मत देऊन त्याला होकार दिला आणि 1895 मध्ये शहराचं स्वतःचं वीजघर सुरू झालं. जुन्या मनोऱ्यांपैकी काही टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराने विकत घेतले, त्यातले काही अजून उभे आहेत. याच पिंग्रींनी मंदीच्या काळात शहरातल्या पडीक जागा गरिबांना बटाटे लावायला दिल्या होत्या.

पुढे शहर वाढलं. 1950 च्या जनगणनेत लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या जवळ होती. नंतर कारखाने हलले, माणसं बाहेर गेली आणि 2010 पर्यंत ती सव्वासात लाखांच्या आत आली. आता बघा, घरं रिकामी झाली की करही थांबतो, पण रस्त्याची लांबी कमी होत नाही. खांब तेवढेच राहतात, आणि त्यांचा खर्च उचलणारे हात निम्म्याहून कमी होतात.

दुरुस्ती लांबत गेली. अनेक ठिकाणी दिवे माळेसारखे एकाच तारेवर जोडलेले होते. एका जागी बिघाड झाला की पुढची सगळी ओळ अंधारात. त्यात चोर तांब्याची तार कापून भंगारात विकू लागले. शेवटी सुमारे 88 हजार दिव्यांपैकी शंभरातले चाळीस बंद होते. त्या भागात हिवाळ्यात सकाळचे आठ वाजले तरी उजाडत नाही. शाळेला निघालेली मुलं आणि बसची वाट बघणाऱ्या कामकरी बाया अंधारातच उभ्या राहायच्या.

18 जुलै 2013 रोजी डेट्रॉइटने कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज केला. डोक्यावर सुमारे 1,800 कोटी डॉलरचं कर्ज होतं. आता अशा शहराला दिव्यांसाठी नवं कर्ज कोण देणार? आपल्या बचत गटातसुद्धा आधीचं फेडलं नाही तर पुढचं मिळत नाही.

यावर त्यांनी वाट काढली. राज्याने 2012 च्या अखेरीस कायदा केला होता, त्यावरून दिव्यांसाठी एक वेगळं प्राधिकरण स्थापन झालं. त्याचा हिशोब शहराच्या तिजोरीपासून वेगळा ठेवला. डेट्रॉइटमध्ये वीज आणि गॅसच्या बिलावर 5 टक्के कर लागतो. त्या करातले वर्षाला सव्वा कोटी डॉलर फक्त दिव्यांसाठी बांधून ठेवले. हा पैसा दुसरीकडे वळवता येणार नाही असा भरवसा मिळाला, तेव्हा लोकांनी रोखे घेतले आणि साडेअठरा कोटी डॉलर उभे राहिले. मात्र हा कर काही नवा नव्हता. आधी तो पोलिसांच्या पगारासाठी होता. म्हणजे एका गरजेतून काढून दुसरीला दिला, हेही आपण लक्षात ठेवलं पाहिजे.

काम सुरू करण्याआधी त्यांनी दिवे मोजले. सगळे 88 हजार परत लावायचे नाहीत असं ठरलं. प्रत्येक चौकात एक दिवा, आणि दोन चौकांतलं अंतर जास्त असेल तर मध्ये आणखी एक. तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमची तार घातली, कारण तिला भंगारात भाव कमी. डिसेंबर 2016 पर्यंत सुमारे 65 हजार एलईडी दिवे लागले. काही गल्ल्यांमध्ये पूर्वीपेक्षा दिवे कमी झाले म्हणून तक्रारीही आल्या.

गोष्ट इथे संपत नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत यातले हजारो नवे दिवे मंद पडू लागले. 2019 मध्ये प्राधिकरणाने दिवे बनवणाऱ्या कंपनीवर दावा ठोकला. म्हणजे पैसा उभा करणं हे निम्मंच काम. वस्तूची हमी किती वर्षांची आणि ती कागदावर आहे का, हे बाकीचं निम्मं.

डेट्रॉइटच्या पोटातच हायलँड पार्क नावाचं छोटं स्वतंत्र शहर आहे. फोर्डच्या मोटारींची पहिली चालती जुळणी 1913 मध्ये इथल्याच कारखान्यात सुरू झाली. 2011 मध्ये या शहराकडे सुमारे 40 लाख डॉलरचं वीजबिल थकलं. वीज कंपनीने एक हजाराहून जास्त दिवे खांबासकट काढून नेले. तेव्हा तिथल्या रहिवाशांनी एकत्र येऊन संस्था काढली, वर्गणी आणि देणग्या जमवल्या, आणि 2012 पासून एकेक करून सौरदिवे उभे केले. सगळं शहर उजळलं असं नाही. पण जे दिवे लागले ते लोकांच्या मालकीचे आहेत.

आपल्या देशात 5 जानेवारी 2015 रोजी एलईडी पथदिव्यांची राष्ट्रीय योजना सुरू झाली. त्यात सरकारी कंपनी आधी स्वतःच्या खर्चाने दिवे बदलते आणि नगरपालिका वाचलेल्या वीजबिलातून तो खर्च हप्त्याहप्त्याने फेडते. हुदहुद वादळाने विशाखापट्टणमची वाताहत झाल्यावर तिथले दिवे याच पद्धतीने बदलले. यातही अट तीच, हप्ता वेळेवर गेला पाहिजे.

आता आपल्या गावाकडे येऊ. घरपट्टीची पावती पाहा. तिच्यावर 'दिवाबत्ती कर' अशी एक ओळ असते. रक्कम लहान असते म्हणून आपण ती वाचत नाही, पण गावातल्या दिव्यांसाठी तो पैसा आपण प्रत्येक घरातून देतो. अंधाराची झळ मात्र आधी बायकांना आणि मुलींना लागते. शेवटच्या एसटीने येणारी कॉलेजची मुलगी, नळावर उशिरा पाणी भरणारी बाई, गटाची बैठक आटोपून वस्तीवर परतणाऱ्या आपण सगळ्या.

म्हणून पुढच्या महिला ग्रामसभेत आपण मिळून चार प्रश्न विचारूया. दिवाबत्ती कर वर्षाला किती जमला? त्यातला दिव्यांवर किती खर्च झाला? पथदिव्यांचं बिल थकलं आहे का, आणि किती? नव्या दिव्यांची हमी किती वर्षांची आहे? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगूया. त्याआधी एका संध्याकाळी गटातल्या चौघीजणींनी गावातून फेरी मारून खांब मोजावेत, चालू किती आणि बंद किती. डेट्रॉइटनेही सुरुवात मोजणीपासूनच केली होती.