औषधाने दिलेली वर्षे

साथींचा इतिहास बहुधा मृतांच्या हिशेबाने लिहिला जातो. 1896 मध्ये मुंबईत शिरलेला प्लेग किंवा 1918 ची मानमोडी यांच्या ज्या कथा आपल्या जुन्या घरांतून सांगितल्या जातात, त्या गेलेल्यांच्या असतात. जे वाचले त्यांची मने पुढे कशी राहिली, हे कोणी टिपून ठेवले नाही. एचआयव्हीच्या बाबतीतही तेच घडू पाहत आहे. हा आजार अंगात वागवीत साठीला पोचलेल्या माणसांची पिढी आज देशात आहे, आणि ठाणाकुशनूरसारख्या गावांच्या पंचक्रोशीत ती नसेल असे मानण्यास काहीही आधार नाही.

या इतिहासाचे पहिले पान परमुलखात स्थायिक झालेल्या एका मराठी घराण्याच्या कन्येने लिहिले, ही गोष्ट आपल्या वाचकांना जवळची वाटेल. चामड्याच्या व्यापारातील मद्रासच्या गायतोंडे कुटुंबातील सुनीती, विवाहानंतरच्या डॉ. सुनीती सॉलोमन, या मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवीत. त्यांनी आपली विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिच्याकडे रक्ततपासणीचे काम सोपविले. नमुने वेल्लोरला तपासले गेले आणि 1986 मध्ये भारतात हा विषाणू असल्याचे प्रथम सिद्ध झाले. 1993 मध्ये त्यांनी उभारलेल्या केंद्राला गायतोंडे हेच नाव आहे. 2015 मध्ये त्या निवर्तल्या. दोन वर्षांनी त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आता आपल्या मुलखाकडे वळू. 1956 पूर्वी उदगीर, निलंगा, अहमदपूर आणि औराद, भालकी हे सारे एकाच बीदर जिल्ह्यात होते. राज्यपुनर्रचनेने पहिले तीन तालुके मुंबई राज्यात गेले, पुढचे दोन म्हैसूर राज्यात राहिले. सोयरीक मात्र सीमेला जुमानली नाही. लेकी तिकडे, सुना इकडे, हे आजही चालू आहे. या सोयरसंबंधांनी आपली भाषा टिकविली, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्याच वाटांनी बोलवाही पसरते. कुशनूरच्या घरातली गोष्ट कमलनगरची आगगाडी उदगीरला पोचण्यापूर्वीच तिकडच्या व्याह्यांच्या कानी गेलेली असते. ज्या समाजात एका घराचे नाव चार घरांच्या लग्नांना बांधलेले असते, तेथे असला आजार एकट्या माणसाचा राहत नाही, आणि म्हणूनच तो त्याला एकट्यानेच सोसावा लागतो.

कोरडवाहू शेतीवर भागत नाही म्हणून या भागातील माणसे मुंबई, पुणे, हैदराबादला मजुरीस गेली, ऊसतोडीला गेली, मालट्रकांवर राहिली. दरम्यान विषाणू देशभर पसरत होता. नव्वदीच्या दशकात कित्येक घरांतून तरुण माणूस गेला आणि बाहेर सांगताना क्षयाचे किंवा कावीळीचे नाव पुढे करण्यात आले. क्षय हे अनेकदा अर्धसत्य असे, कारण एचआयव्हीने खचलेल्या शरीरात क्षय सहज बळावतो. मागे राहिलेल्या पत्नीची तपासणी झाली तर उशिरा झाली. पंचविशी-तिशीत विधवा झालेल्या त्या स्त्रिया आज साठीच्या आसपास आहेत. त्या जगल्या, ही या कथेतील खरी नवलाची बाब.

हे घडले कसे, ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे. तीन औषधे एकत्र दिल्यास विषाणू दबून राहतो, हे 1996 मध्ये व्हँकूव्हरच्या परिषदेत जगापुढे आले. त्यांची किंमत मात्र सामान्यांच्या आवाक्याबाहेर होती. 2001 मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच औषधे दिवसाला एका डॉलरहून कमी दरात देऊ केली. 1 एप्रिल 2004 पासून भारत सरकारने मोफत उपचार सुरू केले, तेही प्रारंभी फक्त 8 शासकीय रुग्णालयांत, मुंबईचे जे. जे. हे त्यांतील एक. कुशनूरच्या माणसाने तिथवर जायचे म्हणजे रोजगार बुडवून, घरी काहीतरी खोटे कारण सांगूनच जायचे. पुढे लातूर, नांदेड, बीदर, कलबुर्गी येथे केंद्रे झाली. 2017 पासून निदान होताच औषध सुरू करण्याचे धोरण आले.

औषध आले तरी गुपित सुटले नाही. पहिल्या वर्षांच्या गोळ्यांत स्टॅव्हुडिन नावाचे औषध असे. त्याने जीव वाचे, पण दीर्घकाळ घेतल्यास गालांवरची चरबी झडून चेहरा बसे, हातापायांच्या शिरा वर येत. ओळखणारे त्या चेहऱ्यावरून ओळखत. जे झाकण्यासाठी माणूस जिवाचे रान करी, तेच औषध तोंडावर लिहून ठेवी. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते टप्प्याटप्प्याने बंद करण्यास सांगितले. नंतर इफाव्हिरेन्झ असलेली, रात्री निजताना घ्यावयाची गोळी आली. तिने चेहरा राखला, परंतु अनेकांना भयंकर स्वप्ने पडत, गरगरे, मन उदास होई. भारतात 2020 च्या सुमारास तिची जागा डोल्यूटेग्रॅव्हिर असलेल्या गोळीने घेतली. म्हणजे काही जणांच्या खिन्नतेला काही अंशी औषधही कारण होते, आणि ती माणसे तो आपल्या नशिबाचा किंवा पापाचा भाग समजून सोशीत राहिली. हे त्यांना त्यांच्या भाषेत, वेळ काढून, किती ठिकाणी समजावून सांगितले गेले असेल, याची आम्हांस शंकाच आहे.

वैद्यक या आजारात पन्नाशीपासूनच वार्धक्य मोजते. विषाणू दबलेला असला तरी शरीरात मंद दाह चालू राहतो. हृदय, हाडे, मूत्रपिंडे लवकर थकतात. नैराश्याचे प्रमाण या रुग्णांत इतरांच्या दुप्पट-तिप्पट आढळते, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यास सांगतात. नैराश्य हा शब्द आपल्याकडे पुस्तकी. आपली म्हातारी माणसे म्हणतात, अन्न गोड लागत नाही, कशात जीव लागत नाही, रात्र सरत नाही. ऐकणारा म्हणतो, वयच झाले. आणि ज्याचे मन विझले तो गोळी चुकवू लागतो. गोळी चुकली की विषाणू औषधाला सरावतो. मनाचे दुखणे येथे शरीराच्या दुखण्याहून वेगळे काढता येत नाही.

त्यातही बायकांचा वाटा अवघड. पतीच्या निधनानंतर घरातून व जमिनीच्या वाट्यातून बाजूला सारल्या गेलेल्या या स्त्रिया भावाच्या दारी राहिल्या. आता भाऊ थकले, भाच्यांचे राज्य आले. 2017 चा एचआयव्ही व एड्स कायदा, जो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला, अशा व्यक्तीला राहत्या घरात राहण्याचा हक्क देतो आणि तिच्या संमतीविना आजार उघड करण्यास मनाई करतो. पण हक्क मागावयाचा तर आजाराचे नाव तोंडाने उच्चारावे लागते. तेथेच पाय अडतो.

मुलांसाठी समाजाला पाझर फुटला. पंढरपुरात 2001 पासून मंगलताई शहा यांनी चालविलेले पालवी, औसा तालुक्यातील हासेगाव येथे रवी बापटले यांनी 2007 मध्ये उभे केलेले सेवालय, ही आपल्या प्रदेशाची भूषणे आहेत. तेथील मुले प्रारंभी लोकांचा विरोध सोसून मोठी झाली. बालकाला आपण निष्पाप म्हणतो म्हणून त्याच्यासाठी हात पुढे होतो. साठीच्या माणसाविषयी मात्र प्रथम हेच विचारले जाते की, त्याला हा झाला कसा? तीस वर्षांपूर्वीच्या त्या प्रश्नाचे उत्तर त्याने किती वेळा द्यावे?

उपचारकेंद्रातील समुपदेशक हा यांपैकी अनेकांचा एकमेव श्रोता. दर महिन्याची ती फेरी खर्चाची आणि दगदगीची होती. पण आजाराचे नाव मोठ्याने घेता येईल अशी तेवढी एकच जागा होती, आणि रांगेत शेजारी बसलेल्यांना काही समजावून सांगावे लागत नसे. स्थिर प्रकृतीच्या रुग्णांना एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या देण्याची सोय आता रुळली आहे. 2020 च्या करोनाकाळात ती अधिक वाढली. सोय चांगलीच आहे, बसभाडे वाचते. मात्र बोलण्याचे प्रसंग वर्षाला बारांवरून चारांवर आले. 10 ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर टेलिमानस ही मोफत मानसिक साहाय्य सेवा सुरू आहे आणि तीत मराठी व कन्नड दोन्ही भाषा चालतात. ज्या घरात फोन नातवाच्या हाती असतो, तेथे तो मागून घेऊन एकांतात बोलणे आजीला कितपत जमेल, हे घरच्यांनीच पाहावयाचे आहे. केंद्रातून परतताना बाटलीवरचा कागद सोलून गोळ्या साध्या डबीत भरण्याची रीत मात्र अजून गेलेली नाही.